शुक्रवारची आंघोळ

कडूबाईच्या मते जनावराला पोट असतं आणि भीती असते. त्यापुढं तिसरं काही नसतं. हे मत तिनं कुणाकडून उसनं घेतलेलं नव्हतं. कळायला लागल्यापासून ती शेळ्यांच्या मागं फिरत आली होती. लग्न होऊन माकणीला आली तेव्हा माहेरानं एक गाभण शेळी बरोबर दिली होती. आज तिच्या दारात दिसणाऱ्या काळ्याभोर, लांब कानांच्या शेळ्या बहुतेक त्याच शेळीच्या वंशातल्या. कुणाची शेळी विताना अडली की गल्लीतल्या बाया कडूबाईला बोलावायला येत. ती येई, कोपरापर्यंत हात धुई, काम उरकी आणि चहा पिऊन निघून जाई. पिलू मेलेलं निघालं तर "पुढच्या वेताला बघू" एवढंच म्हणे.

जनावर विकलं तरी त्याचं दावं विकायचं नाही, अशी रीत आहे. मुरुमच्या बाजारात सौदा झाला की कडूबाई शेळीच्या गळ्यातलं दावं सोडून घेई, हाताला गुंडाळी आणि मागं न बघता मिरच्या घ्यायला जाई. एकदा शेजारची महादेवी तिच्याबरोबर आपली शेळी विकायला गेली होती. शेळी दुसऱ्याच्या हातात गेल्यावर महादेवीनं पदर डोळ्यांना लावला.

"रडतीस कशाला?" कडूबाई म्हणाली. "ती रडती का बघ. ती त्याच्या हातातला पाला खाती."

महादेवीनं बघितलं. शेळी खरोखरच पाला खात होती.

नवरा बलभीम याच्या अगदी उलट होता. तो बैलांशी बोलायचा. म्हातारा बैल विकला त्या दिवशी बलभीम जेवला नाही. कडूबाईनं ताट झाकून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच वाढलं. तिचं नवऱ्यावर प्रेम नव्हतं असं नाही. बैलासाठी भाकरी वाया घालवणं तिला पटत नव्हतं.

गावात भूकंप झाला, त्यानंतर सगळे सांगत होते की जनावरांना आधी कळलं होतं. कुत्री रडत होती, म्हशी दाव्याला हिसके देत होत्या. कडूबाईच्या दोन शेळ्या तेव्हा भिंतीखाली गेल्या. हा विषय निघाला की ती म्हणे, "त्या राती म्या पानी प्यायला उठले हुते. शेळ्या निवांत रवंथ करत बसल्या हुत्या. कळलं असतं तर वरडल्या नसत्या का?" पुढं नव्या वसाहतीत घर मिळालं, तिथं तिनं शेळ्यांचा गोठा भिंतीपासून लांब, मोकळ्या पत्र्याखाली केला. ज्याला कळत नाही त्या जनावराची काळजी माणसानं करायची असते, असं तिचं गणित.

बलभीम गेल्यावर शेत मुलाकडं, इंद्रजितकडं आलं आणि शेळ्या कडूबाईकडंच राहिल्या. सून दीपमाला कामाला चांगली होती, पण तिला बोकडाच्या वासाचा फार त्रास व्हायचा. म्हणून बोकड मोठं व्हायच्या आत विकून टाकायचं असं घरात ठरलेलं होतं. या नियमाला अपवाद झाला तो एकाच बोकडाचा.

एका पावसाळ्यात इंद्रजितचा मुलगा उत्कर्ष नुकताच अंगणवाडीत जायला लागला होता. त्याला ताप आला, ताप डोक्यात गेला आणि झटके यायला लागले. इंद्रजित आणि दीपमाला त्याला घेऊन लातूरला दवाखान्यात गेले. घरी कडूबाई आणि शेळ्या. दोन दिवस फोनवर कुणी नीट बोलेना, तेव्हा ती नारळ घेऊन शिवेवरच्या लक्ष्मीआईला गेली. "पोरगं चालत घरी आलं तर माझ्या दारातला काळा बोकड तुला," असं तिनं लिंबाखालच्या त्या शेंदरी दगडाला सांगितलं.

दारात तेव्हा एकच बोकड होता. तिळ्यातला तिसरा. आई त्याला जवळ येऊ देत नव्हती, म्हणून कडूबाई त्याला बाटलीनं दूध पाजत होती.

उत्कर्ष बरा झाला. घरी येताना दीपमालानं त्याला वेशीपाशी जीपमधून उतरवलं आणि बोट धरून चालवत आणलं, कारण नवसाचे शब्द तसे होते. पोराला नीट चालवत नव्हतं, इंद्रजित कडेवर घेऊ बघत होता, पण दीपमाला त्याला हात लावू देईना.

बोकड देवाला बोलला गेला, म्हणजे त्याला नाव ठेवायचं नाही. उत्कर्षनं दोन-तीन नावं काढून बघितली. कडूबाई दर वेळी म्हणे, "त्याला नाव न्हाय. त्यो देवाचा हाय." शेवटी पोरगं त्याला 'देवाचा' म्हणूनच हाका मारायला लागलं आणि घरातली सगळीही.

पुढं थंडीत देवाच्याला खरूज झाली. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी औषध दिलं. पाण्यात कालवून अंगावर ओतायचं आणि थोडा वेळ तसंच मुरू द्यायचं. आता शेळीच्या जातीला पाण्याचा तिटकारा. चार थेंब पडले की सगळं अंग झाडून मोकळी. औषध मुरायचं कसं? कडूबाईनं त्याला शिकवलं. पाणी ओतताना गुळाचा खडा मुठीत धरायचा आणि त्याला नुसता दिसू द्यायचा. तो हलला की मूठ मागं. स्थिर राहिला, औषध मुरलं, की गूळ तोंडात. गूळ तोंडात पडला की मग तो पायांपासून कानांपर्यंत असं अंग झाडी की कान फटाफट वाजत. थोड्याच दिवसांत मूठ दाखवायचीही गरज राहिली नाही. पाणी पडलं की देवाचा दगडासारखा उभा राही आणि गुळाची वाट बघी.

खरूज गेली, पण आंघोळ सुरू राहिली. देवीचं जनावर स्वच्छ असावं, शुक्रवार देवीचा वार आणि दीपमालाला वासही कमी येतो, असा सगळाच मेळ बसला. गावात शेळीला आंघोळ घालणारं दुसरं घर नव्हतं. महादेवी कुंपणापलीकडून बघे आणि म्हणे, "कडूबाई, उटणं बी लाव." कडूबाईला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. ती देवीची वस्तू नीट ठेवत होती, एवढंच.

नवस फेडायचा तो आखाडात, असं ठरलं. पुढं श्रावण लागला की वशाट खाणं बंद. मुरुमहून लेक महेश्वरी आणि जावई सिदू आले. भावकीतली माणसं आली. लक्ष्मीआईच्या ठाण्याशेजारी, शेताच्या कडेला चुली मांडल्या गेल्या, वाटण वाटून झालं, भाकऱ्यांची चळत लागली. बोकड कापणारा माणूस लिंबाच्या बुंध्याशी सुरी पुसत बसला.

देवाचा दाव्याला न ओढता कडूबाईच्या मागं चालत आला. ते बघून भावकीतला एक म्हातारा म्हणाला, "बघा, आपल्या पायानं चाललाय. कळलंय त्याला."

"शुक्रवार हाय म्हनून चाललाय," कडूबाई म्हणाली. ती खरंच बोलत होती. वार शुक्रवारच होता आणि घरातून निघताना तिनं नेहमीच्या सवयीनं गुळाचा खडा कनवटीला खोचला होता. का खोचला, याचा तिनं विचार केला नव्हता.

देवीसमोर बोकड उभा करायचा, हळदकुंकू लावायचं आणि पाठीवर लोटाभर पाणी ओतायचं. बोकडानं अंग झाडलं म्हणजे आईनं मान्य केलं. न झाडता कापायचा नसतो. पुजारी गोरोबा हे काम वडिलांपासून करत आला होता आणि सहसा पहिला लोटा संपायच्या आत त्याचं काम संपत असे.

गोरोबानं लोटा ओतला. देवाचा उभा राहिला.

पाणी पोटावरून गळून खाली मातीत जिरलं. गोरोबानं दुसरा लोटा भरून घेतला आणि मानेपासून शेपटीपर्यंत सावकाश ओतला. देवाचा हलला नाही. त्याचे कानसुद्धा हलले नाहीत.

"बोकड लई शिकलेला दिसतोय," जावई सिदू म्हणाला. दोघंतिघं हसले.

"थांबा," गोरोबा म्हणाला. "आई इचार करती."

"आई न्हाय, त्योच इचार करतोय," म्हातारा म्हणाला. "झाडलं की गेलो, हे त्याला उमगलंय. म्हनून धरून ठिवलंय त्यानं."

कडूबाईला मात्र काय चाललंय ते पहिल्या लोट्यालाच समजलं होतं. देवाचा देवीकडं बघत नव्हता, सुरीकडं बघत नव्हता. तो तिच्या कनवटीकडं बघत होता. पाणी झालं होतं, आता गूळ यायचा होता.

तिचा हात कनवटीला गेला. काम एका बोटाचं होतं. खडा त्याच्या तोंडात द्यायचा, तो अंग झाडणार, माणसं आईचं नाव घेणार आणि नवस फिटणार. त्यात खोटं काही नव्हतं. गूळ देऊ नये असं कुठं सांगितलेलं नव्हतं. उत्कर्ष चुलीपाशी आपल्या आईचा पदर धरून उभा होता. त्याचे ते दवाखान्यातले दिवस कडूबाईला आठवले, फोनवर गप्प राहणारा इंद्रजित आठवला. देवीनं आपला शब्द पाळला होता. आता पाळी कडूबाईची.

हात कनवटीला गेलेला बघून देवाच्यानं दर शुक्रवारसारखे कान पुढं केले.

त्याला भीती नव्हती. भीती असती तर तिला सोपं गेलं असतं, कारण भीती तिच्या गणितात होती. पोट म्हणावं, तर पायाशीच कोवळं गवत होतं आणि त्यानं त्याला तोंड लावलं नव्हतं. तो थांबला होता. ही बाई देणार आहे, एवढ्यावर थांबला होता. आजपर्यंत तिनं एकदाही चुकवलं नव्हतं. गूळ त्याच्या तोंडात पडला की पुढं काय होणार हे त्याला ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होतं.

कडूबाईनं हात खाली घेतला.

'आई,' ती मनात म्हणाली, 'तुला पायजे असंल तर गुळाबिगर झाडव. म्या मधी येत न्हाय.' हे बोलणं तिला चोख वाटलं. देवीची वस्तू तिनं अडवली नव्हती. फक्त आपला हात काढून घेतला होता.

तिसरा लोटा झाला. वाटणाची पातेली उघडी पडली होती, चुलीवर पाणी उकळत होतं. इंद्रजितला पाहुण्यांची काळजी लागली. तो पुढं येऊन हळूच म्हणाला, "गोरोबाकाका, कानात थेंब सोडा की."

असं करतात, हे सगळ्यांना माहीत होतं. कानात पाणी गेलं की कुठलंही जनावर अंग झाडतं. गोरोबानं लोट्यात बोटं बुडवली.

"कानात न्हाय," कडूबाई म्हणाली. "कानात पानी घातलं तर म्या बी अंग झाडीन. मग मला कापता का?"

आता मोठं हसू झालं. सिदू तर खाली बसला. पण बोलणारी कडूबाई होती. बाजारात शेळी देऊन मागं न बघणारी बाई बोकडाला वाचवायला असं बोलेल, असा संशय कुणालाच आला नाही. गोरोबानं बोटं लोट्यातून काढून धोतराला पुसली.

"कडूबाईचं खरं हाय," तो म्हणाला. "झाडून घेतलेलं आईला चालत न्हाय. आईनं ठिवलाय त्याला. देवाचा म्हनूनच फिरू द्या."

मग नारळ फुटला. वाटण वाया जाऊ नये म्हणून त्यात येसराचं पीठ घालून आमटी केली आणि भाकरीबरोबर सगळे जेवले. आमटी झणझणीत झाली होती, तरी माणसं शेवटपर्यंत पातेल्यात काही तरी शोधत होती. सिदू हात धुताना इंद्रजितला म्हणाला, "मेव्हणं, आजच सरावन लागल्यागत झालं की." महेश्वरीनं त्याला डोळ्यांनी दटावलं.

घरी येताना वाटेत देवाच्यानं कडूबाईच्या कमरेला तोंड लावलं. एकदा, दोनदा. पुढं-मागं माणसं होती. गूळ दिला की तो सगळ्यांसमोर अंग झाडणार. तिनं त्याचं तोंड हातानं बाजूला केलं. घरी पाहुणे मुक्कामाला होते, ओसरीवर, अंगणात, गोठ्यापाशी. तिनं खडा कनवटीचा काढून डब्यात टाकला आणि कामाला लागली.

तो आठवडा तिला बरा गेला नाही. उत्कर्षला पडसं झालं. पोरगं खोकलं की कडूबाई हातातलं काम थांबवून ऐके. दीपमालानं त्याला काढा दिला, नाकाला बाम लावला आणि पडसं चार दिवसांनी गेलं, जसं जातं तसं. मधे महादेवी ताकाला आली आणि जाता जाता म्हणाली, "जनावराला कळत न्हाय म्हनत हुतीस. आता बोल."

"त्याला काय कळतंय? गूळ कळतोय," कडूबाई म्हणाली. महादेवीला गुळाचा संबंध लागला नाही.

पुन्हा शुक्रवार आला. कडूबाईनं नेहमीसारखं पाणी कोमट केलं, खडा मुठीत घेतला आणि देवाच्याला दगडावर उभं केलं. दीपमाला शेजारी कपडे पिळत होती.

लोटा पाठीवर पडला मात्र, देवाच्यानं अंग झाडलं. कान फटाफट वाजले, पाणी दीपमालाच्या तोंडावर उडालं. गूळ अजून कडूबाईच्या मुठीत होता.

तिनं मूठ उघडून पुढं केली. त्यानं नुसता वास घेतला आणि मान वळवली. खडा तळहातावर विरघळत राहिला. बऱ्याच वेळानं त्यानं तो जिभेनं उचलला, पण तिच्याकडं बघून नाही.

कडूबाई लोटा खाली ठेवून गोठ्याच्या कडेला बसली. 'गुळाबिगर झाडव,' असं तिनंच सांगितलं होतं. झाडलं होतं. देवीनं मागितलं म्हणायचं, तर आखाडाचा अजून एक शुक्रवार शिल्लक होता आणि गोरोबाचं घर चार गल्ल्या सोडून होतं.

दीपमालानं पदरानं तोंड पुसलं. "आत्याबाई," ती म्हणाली, "त्या दिवशी तुमी गूळ दिला न्हाय."

"न्हाय दिला."

"म्या बघितलं. तुमचा हात कनवटीला गेलता."

"मग बोलली न्हाईस? पोरगं तुझं हाय. नवस त्याचा."

दीपमालानं पिळलेलं लुगडं झटकलं. "त्यो तुमच्याकडं बघत हुता," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमी दिला तर दिला. म्या कसं सांगू, द्या म्हनून?"

लुगडं दोरीवर गेलं. देवाचा गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, पाठ करून उभा राहिला होता. इतर शेळ्या पाल्यावर तुटून पडल्या होत्या.

"आता झाडलं त्यानं," दीपमाला हळू आवाजात म्हणाली. "आईनं मागितलं म्हनायचं का?"

कडूबाई देवाच्याच्या पाठीकडं बघत राहिली. भूकंपातल्या शेळ्या, बाजारातली ती पाला खाणारी शेळी, बलभीमचं झाकून ठेवलेलं ताट, सगळं जागच्या जागी होतं. पण त्या जुन्या गणितानं आता गोरोबाच्या घराकडंच जावं लागत होतं. पोट आणि भीती एवढंच असेल, तर हे झाडणं देवीचं. देवीचं नसेल, तर मग तिसरं काही तरी आहे.

"आईचं न्हाय ते," ती शेवटी म्हणाली. "त्याला माझा राग आलाय."

"राग?"

"गूळ चुकवला म्या. घरी आल्यावर बी दिला न्हाय. आता ही बाई देत न्हाय, मग कशाला उभं ऱ्हायचं, असं वाटलं असंल त्याला."

"म्हंजी त्याला वाटतं म्हनता, आत्याबाई?"

"वाटतं," कडूबाई म्हणाली आणि उठून लोटा विसळायला लागली.

इंद्रजितला यातलं काही सांगितलं गेलं नाही. आखाडाचा उरलेला शुक्रवार आला तेव्हा कडूबाईनं आधी कुंपणापलीकडं महादेवी नाही हे बघितलं आणि अंगणाचं दार लावून घेतलं. मग देवाच्याला दगडावर उभं केलं आणि पाण्याला हात लावायच्या आधी गूळ त्याच्या तोंडाशी धरला. त्यानं वास घेतला, थांबला आणि खाल्ला. तो चघळत असताना तिनं पाठीवर पाणी सोडलं. गूळ संपेपर्यंत तो उभा राहिला, मग त्यानं अंग झाडलं. दीपमाला दाराच्या फटीतून गल्लीत कुणी आहे का ते बघत होती.